अंगण खरेच वाकडे असेल तर?

रेगेन्सबर्गला आमच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या बाजूला खिळ्याला एक सांडशी टांगलेली आहे. १९९१ साली पुण्याहून इथे आलो तेव्हा विमानाच्या वीस किलोंत जे काही बसवले त्यात ती होती. विळीही होती. पण विळी वर्षभरातच तळघरात गेली. विळी ही जमिनीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेली वस्तू. पाते जागच्या जागी उभे, पाट पायाखाली दाबलेला आणि भाजी धरायला दोन्ही हात मोकळे. जर्मन ओट्यासमोर उभे राहिले की ही सारी रचनाच कोलमडते. वस्तू चांगली आणि माणूसही चांगला, पण दोघांची गाठ जमत नाही.

सांडशी मात्र टिकली. माझी पत्नी व्यवसायाने सर्जन. बरीच वर्षे झाली, एके रात्री उशिरा ड्यूटीवरून परत येऊन दूध उतरवताना ती म्हणाली, "अहो, दिवसभरात हातात नीट बसलेली ही पहिली वस्तू." मी गाड्यांच्या सुट्या भागांचा अभियंता. आमच्या धंद्यात चालकाची उंची, पायांची लांबी, बोटांची पोच हे सगळे मोजून सीट आणि बटणे ठरवली जातात. ज्या माणसाच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो त्याची हत्यारे मात्र त्याच्या हाताच्या मापाची नसावीत, हे मला त्या रात्री प्रथम कळले. त्यानंतर या विषयाचे मिळेल ते वाचत गेलो. आपल्या मंडळींत डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, आणि दोन्ही नसलेलेही आहेत. म्हणून ही हकीकत जमेल तितकी सोप्या शब्दांत मांडतो.

सुश्रुताची तक्रारींची यादी

सुरुवात सांडशीपासूनच करू. हा शब्द संस्कृत 'संदंश' या शब्दावरून आला. संदंश म्हणजे चिमटा. सुश्रुतसंहितेत शल्यचिकित्सेच्या यंत्रांचे जे सहा वर्ग सांगितले आहेत त्यांतला हा एक. स्वस्तिक यंत्रे चोवीस, संदंश दोन, ताल दोन, नाडी वीस, शलाका अठ्ठावीस आणि उपयंत्रे पंचवीस, अशी एकूण १०१ यंत्रे. कापणारी शस्त्रे वीस, ती निराळी.

हे आकडे आपण शाळेत कौतुकाने ऐकलेले असतात आणि कौतुकापाशीच थांबतो. मला अधिक मोलाचा वाटतो तो त्यामागचा व्यवहार. स्वस्तिक यंत्रे अठरा अंगुळे लांब असावीत, त्यांची दोन पाती मसुराच्या आकाराच्या खिळ्याने जोडावीत, आणि मुठीकडचे टोक अंकुशासारखे वळवलेले असावे, असे तिथे सांगितले आहे. त्यांची तोंडे सिंह, वाघ, कावळा, कंक अशा पशुपक्ष्यांच्या मुखांसारखी. त्या सर्वांत कंकमुख श्रेष्ठ ठरवले आहे. कारण दिसण्याचे नाही. ते सहज आत जाते, पक्के धरते आणि सहज बाहेर येते, म्हणून ते श्रेष्ठ.

शस्त्रांचे गुण सांगताना पहिल्या काही गुणांतच 'सुग्रह' हा शब्द येतो. सुग्रह म्हणजे धरायला चांगले. धार आणि लोखंडाची प्रत हे गुण आहेतच, पण पकड त्यांच्या पंक्तीला बसवली आहे. पुढे यंत्रांच्या दोषांची बारा कलमांची यादी येते. फार जाड, फार लांब, फार आखूड, वाकडे, सैल, नीट न धरणारे, एका बाजूने जास्त धरणारे, आणि 'मृदुकील', म्हणजे ज्याचा खिळा ढिला आहे ते. ही यादी कोणा तत्त्वज्ञाने केलेली नाही. भर कामात खिळा हलल्याने ज्याच्या कपाळाला घाम फुटला असेल अशा माणसाची ही तक्रारवही आहे.

हत्यार धरावे कसे तेही सांगितले आहे. व्रीहिमुख नावाच्या टोकदार शस्त्राचा दांडा तळहातात झाकून घ्यायचा आणि अंगठा व तर्जनी यांनी ते चालवायचे. शिकाऊ वैद्याने छेद देण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करायचा, आणि शीर उघडण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर किंवा कमळाच्या देठावर. आणि एवढी यंत्रे मोजून झाल्यावर सर्वांत मुख्य यंत्र म्हणून हाताचेच नाव घेतले आहे, कारण त्याच्यावाचून बाकीची चालतच नाहीत. हात मुख्य असेल तर बाकीच्यांनी हाताला जुळवून घ्यावे, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतो. यालाच हल्ली 'अर्गोनॉमिक्स' म्हणतात. काम आणि हत्यार माणसाच्या अंगाला जुळवण्याचे हे शास्त्र.

पुण्याचे नाक बर्लिनला

या परंपरेतला एक धागा थेट आपल्या पुण्यातून निघून जर्मनीला पोचतो. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा एक गाडीवान कैद झाला. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. इंग्रज हकीकतीत त्या कारागिराची जात विटा भाजणाऱ्यांची, म्हणजे आपल्या भाषेत कुंभाराची, अशी दिली आहे. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया स्वतः पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिची हकीकत छापून आली.

त्या वर्णनात सामानाची यादी थोडी आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून मापाचा करायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवून त्याच्या कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहते. कातडी फिरवून खाली आणायची आणि नाकाच्या जागी केलेल्या छेदात तिच्या कडा बसवायच्या. वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या चिंध्यांचे पाच-सहा थर. चार दिवसांनी ते काढून तुपात भिजवलेले फडके. जोडपट्टी कापायची ती साधारण पंचविसाव्या दिवशी.

मेण, कात, चिंध्या आणि तूप. पुण्याच्या कोणत्याही वाण्याकडे मिळेल असे हे सामान. यातून आपल्याकडे एक सोयीचा निष्कर्ष काढला जातो. कसब असले की हत्यार कसले का असेना! मला तो पटत नाही. या कारागिराच्या हाताला आयुष्यभर माती आकाराला आणण्याची सवय होती, आणि मेणाचे माप घेण्याची युक्ती त्या सवयीतूनच आली असावी. त्याची साधने थोडी होती हे खरे, पण जी होती ती त्याच्या हाताची होती. थोडे सामान आणि गैरसोयीचे सामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ती हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक छापले. बर्लिनचा कार्ल फेर्डिनांड फोन ग्रेफे याने १८१८ मध्ये आपला ग्रंथ काढला आणि त्याला 'ऱ्हायनोप्लास्टिक' असे नाव दिले. त्यात भारतीय पद्धत इटालियन पद्धतीशेजारी मांडलेली आहे. जर्मनीतल्या मराठी माणसाने छाती थोडी फुगवावी असा हा प्रसंग आहे. फक्त फुगवताना त्या निनावी कुंभाराची आठवण ठेवावी.

डोनाऊच्या काठची पोलादी गावे

फोन ग्रेफेच्या काळात जर्मन प्रदेशात हत्यारे घडवण्याची आणि त्यांची चित्रे छापण्याची परंपरा आधीपासून रुजलेली होती. तिचा माग काढायला आम्हा रेगेन्सबर्गकरांना लांब जावे लागत नाही. आमच्या बाराव्या शतकातल्या दगडी पुलाखालून जी डोनाऊ वाहते तिच्याच काठाने वर चालत जायचे.

वरच्या अंगाला उल्म लागते. आपल्याला उल्म माहीत असते ते आइनस्टाइनच्या जन्मामुळे, आणि केप्लरने १६२७ मध्ये तिथे आपली ग्रहगणिताची कोष्टके छापली म्हणून. (तोच केप्लर पुढे १६३० मध्ये आमच्या रेगेन्सबर्गात वारला.) त्याच उल्ममध्ये योहानेस शुल्टेस नावाचा नगरवैद्य होऊन गेला. ग्रंथांत तो 'स्कुल्टेटस' या लॅटिन नावाने ओळखला जातो. तो १६४५ मध्ये वारला, आणि दहा वर्षांनी, १६५५ मध्ये, त्याचा शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा सचित्र ग्रंथ उल्मलाच छापला गेला. करवती, चिमटे, कवटी उघडण्याची यंत्रे आणि ती वापरणारे हात हे सारे त्यात चितारलेले आहे. दूर गावच्या लोहाराने चित्र पाहून हत्यार घडवावे, अशी सोय या ग्रंथामुळे झाली. पण त्याबरोबर एक नवी गोष्टही घडली. तोवर हत्यार त्या त्या वैद्याच्या सांगण्यावरून, त्याच्या मुठीला जमेल असे होत असे. आता हत्याराला 'नमुना' मिळाला, आणि एकच नमुना सगळीकडे फिरू लागला.

नदीने आणखी वर, अगदी उगमाच्या जवळ, टुटलिंगेन आहे. हे सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिरांचे गाव. १८०३ च्या आगीत ते जळून गेले आणि पुन्हा आखून बांधले गेले. १८६७ मध्ये गॉटफ्रीड येटर याने तिथे शस्त्रक्रियेची हत्यारे करण्याची कार्यशाळा काढली. तीच पुढे 'एस्कुलाप' ही कंपनी झाली. आज त्या छोट्या गावात आणि आसपास या धंद्यातल्या शेकडो लहानमोठ्या कंपन्या आहेत. तिथल्या कारागिरीला आपल्या उपखंडाचीही जोड आहे. पाकिस्तानातल्या सियालकोटचे लोहार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनच्या रुग्णालयाची हत्यारे दुरुस्त करता करता नवी घडवू लागले. तिथे घडवलेले चिमटे आणि कात्र्या आज जगभर जातात, टुटलिंगेनलासुद्धा.

हस्तिदंत गेले, पोलाद आले

येटरने कार्यशाळा काढली त्याच वर्षी, १८६७ मध्ये, जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्याची आपली पद्धत 'लॅन्सेट'मध्ये मांडली. या दोन गोष्टींचा परस्परांशी थेट संबंध नाही. पण लिस्टरच्या विचाराने टुटलिंगेनच्या कारागिरांचे काम पार बदलून टाकले.

त्यापूर्वीच्या हत्यारांच्या मुठी शिसवीच्या, हस्तिदंताच्या, कासवाच्या पाठीच्या असत. त्यांवर नक्षी आणि खाचा असत. मूठ जाड, हाताला उबदार, आणि घामाने किंवा रक्ताने ओली झाली तरी न सटकणारी. संग्रहालयात अशा सुऱ्या पाहिल्या की हातात घ्याव्याशा वाटतात. पण त्याच खाचांत जंतू घर करीत. एर्न्स्ट फोन बेर्गमान आणि त्याचा सहकारी शिमेलबुश यांनी १८९० च्या सुमारास बर्लिनला वाफेने सगळे निर्जंतुक करण्याची पद्धत बसवली. वाफेत लाकूड फुगते आणि हस्तिदंत तडकते. मग मुठीसकट सगळे हत्यार एकाच धातूचे, गुळगुळीत, सांधे सुटे करता येतील असे झाले. पुढे क्रुप कंपनीने १९१२ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचे पेटंट घेतले आणि तेच पोलाद या धंद्याचे झाले.

हा बदल रुग्णाच्या बाजूने होता आणि तो योग्यच होता. लाखो जीव वाचले. पण त्याची किंमत हाताने मोजली, हे फारसे कोणी लिहीत नाही. मूठ बारीक, थंड आणि निसरडी झाली. १९१५ मध्ये मॉर्गन पार्कर याने पाते बदलता येणारी सुरी केली. धारेचा प्रश्न सुटला, पण मूठ झाली एक चपटी पट्टी. धमनी धरायच्या चिमट्यांना कात्रीसारख्या दोन कड्या आल्या, आणि त्या कड्यांचे माप ठरले ते त्या काळी शस्त्रक्रिया करणाऱ्या युरोपीय पुरुषाच्या बोटांवरून. कात्रीच्या पात्यांची मांडणी उजव्या हाताला धरून झाली. डावखुऱ्याने ती हातात घेतली की पाती एकमेकांवर दाबली जाण्याऐवजी फाकतात.

याच काळात एक उलटी गोष्टही घडली, आणि ती मला फार आवडते. १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम हॉलस्टेड या सर्जनच्या परिचारिकेचे, कॅरोलाइन हॅम्प्टन हिचे, हात निर्जंतुक करण्याच्या पाऱ्याच्या द्रावणाने सोलवटले. हॉलस्टेडने रबर कंपनीकडून तिच्या हातांच्या मापाचे पातळ मोजे करवून घेतले. शस्त्रक्रियेतले रबरी मोजे आले ते असे. रुग्णाला जंतू लागू नयेत हा विचार मागाहून आला. आधी विचार झाला तो काम करणाऱ्या बाईच्या हातांचा. (पुढे दोघांनी लग्न केले, हे वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.)

त्या मोज्यांचा वारसा असा की आजही शस्त्रक्रियागृहात मोजे साडेपाचपासून नऊपर्यंत अर्ध्या अर्ध्या क्रमांकाने मिळतात. क्रमांक म्हणजे साधारणपणे पंजाचा इंचांतला घेर. माझ्या पत्नीचा क्रमांक सहा. तिच्या शेजारी उभा राहणारा बव्हेरियन सहकारी साडेआठचा. मोजे ज्याचे त्याच्या मापाचे, आणि त्या मोज्यांनी धरायचे हत्यार दोघांना एकच!

नळीतून शस्त्रक्रिया

पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेत ही गैरसोय भागून जात असे. मनगट वाकवता येते, बोटे आत घालता येतात, हात आपली वाट काढतो. खरी पंचाईत झाली ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने, आणि तिच्या जन्मकथेतही जर्मनी पुढे आहे.

कीलचे स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले. त्यांचा डॉक्टरकीचा परवाना काढून घ्यावा, इथपर्यंत बोलले गेले. ब्योब्लिंगेनचे एरिश म्यूए यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. १९८६ मध्ये जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांनी ते सांगितले तेव्हा कोणी त्यांना फारसे मनावर घेतले नाही. त्याच संस्थेने १९९२ मध्ये त्यांचा सन्मान केला. मधल्या काळात सारे जग त्या वाटेने गेले होते. मुंबईला जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. १९९० मध्ये त्यांनी तिथे दुर्बिणीतून पित्ताशय काढून भारतात या शस्त्रक्रियेचा पाया घातला.

रुग्णाचा फायदा उघड होता. वीतभर जखमेऐवजी तीन-चार छिद्रे, आणि थोड्या दिवसांत घरी. पण सर्जनच्या बाजूने पाहा. हत्यार तीस सेंटिमीटरहून लांब, जाडी पाच किंवा दहा मिलिमीटर, आणि ते पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून जाते. छिद्र हा टेकू. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते, हात वर नेला की टोक खाली. आत-बाहेर, डावे-उजवे, वर-खाली आणि स्वतःभोवती फिरणे, एवढ्या चारच हालचाली उरतात. मनगटाची सारी कला बाहेरच राहते. नजर हातावर नसते, पडद्यावर असते. पडदा चुकीच्या जागी असला की मान तासन्‌तास वळलेली.

जोराचे गणितही उलटे झाले. एका मोजमापानुसार साध्या धमनीचिमट्यात हाताचा जोर टोकाशी सुमारे तिप्पट होऊन पोचतो. दुर्बिणीच्या लांब चिमट्यात टोकाशी पोचतो तो लावलेल्या जोराचा जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे तेवढेच ऊतक धरून ठेवायला बोटांनी कितीतरी जास्त दाबायचे, तेही कात्रीच्या कडीत अडकवलेल्या अंगठ्याने. कडीची कड अंगठ्याच्या बाजूच्या नसेवर दाबते आणि अंगठा बधिर होतो. १९९३ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांत या दुखण्याला 'दुर्बिणवाल्या सर्जनचा अंगठा' अशा अर्थाचे नावसुद्धा मिळाले.

टेबलाची उंची हाही एक छळ. हत्यार लांब असल्याने हात वर उचलले जातात. म्हणून टेबल सर्जनच्या कोपराच्या उंचीच्या सत्तर ते ऐंशी टक्के हवे, असे अभ्यासातून निघाले. जुनी टेबले तेवढी खाली जातच नाहीत. मग बुटका सर्जन काय करतो? पायाखाली पाट घेतो. पाटावर उभे राहून एका पायाने यंत्राचे पेडल दाबत तीन तास काम करून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

अंगण आणि नर्तकी

आमच्या घरात हा इतिहास अंगठ्याच्या रूपाने आला. नव्वदीच्या मध्यावर माझी पत्नी जवळच्या एका गावच्या रुग्णालयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करू लागली. काही महिन्यांत तिच्या उजव्या अंगठ्याची एक बाजू संध्याकाळपर्यंत बधिर राहू लागली. शर्टाचे बटण लावताना तिला बोटाकडे पाहावे लागे. टाके मारणारे यंत्र दाबायला तिला दोन्ही हात लागत. तिने वरिष्ठांना सांगितले. उत्तर मिळाले, "हाताचा व्यायाम करा, ताकद येईल." ती घरी येऊन हसत म्हणाली, "जर्मनीतसुद्धा तीच म्हण आहे हो. नाचता येईना, अंगण वाकडे." तिने पुढे कोणाकडे तक्रार केली नाही. रबराचा चेंडू दाबत राहिली.

वाईट हे की तिने ते स्वतःसुद्धा मानले. बरीच वर्षे तिची समजूत होती की कमी आपल्यातच आहे. २००४ मध्ये अमेरिकेत ७२६ दुर्बिणवाल्या सर्जनांची पाहणी प्रसिद्ध झाली. साडेसहा किंवा त्याहून लहान मोजे घालणाऱ्यांना हत्यारे वापरणे लक्षणीय अवघड जाते, असे तिच्यात दिसले. मी तो लेख छापून आणला. तिने तो जेवणाच्या टेबलावर दोनदा वाचला आणि एवढेच म्हणाली, "म्हणजे अंगण खरेच वाकडे होते."

आपल्या म्हणीत नर्तकीचीच चेष्टा आहे. अंगण कोणी मोजत नाही. आणि हा प्रश्न फक्त बायकांचा नाही. आपल्याकडच्या पुष्कळ पुरुषांचे हातही युरोपीय मापाहून लहान असतात. जर्मनीत आज वैद्यकशास्त्र शिकणाऱ्यांत मुली निम्म्याहून बऱ्याच जास्त आहेत. म्हणजे उद्याच्या शस्त्रक्रियागृहात हत्याराचा जुना नमुना ज्यांच्या मापाचा, तेच अल्पसंख्य होतील.

मग उपाय काय? ते गूढ नाहीत. कडीत अंगठा अडकवण्याऐवजी सारा जोर तळहाताने द्यावा अशा मुठी निघाल्या. मूठ आणि नळी यांच्यातला कोन असा ठेवायचा की मनगट सरळ राहील. फिरवण्याचे चाक तर्जनीच्या सहज पोचेत हवे. मूठ दोन्ही हातांना सारखी चालावी, किंवा डावी-उजवी वेगळी मिळावी. पडदा नजरेच्या रेषेत किंवा थोडा खाली टांगावा. अशा मुठींची आणि अशा मांडणीची मोजमापे ट्यूबिंगेनला नव्वदीपासूनच घेतली गेली. स्नायूंवर विद्युतकळ्या चिकटवून कुठला स्नायू किती शिणतो ते मोजता येते, आणि मुठीचा नमुना छापून दुसऱ्या दिवशी हातात घेता येतो. रोबोच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेत तर सर्जन खुर्चीवर बसतो आणि मनगटाच्या हालचाली परत मिळतात. पण ते यंत्र फार महाग. जिल्ह्याच्या रुग्णालयात उभ्या असलेल्या सर्जनला चांगली मूठ आधी हवी.

युरोपात २०२१ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरणांच्या कायद्यात उपकरणाच्या अर्गोनॉमिक गुणांमुळे उद्भवणारे धोके कमी करावेत असे स्पष्ट लिहिले आहे. त्याचा रोख मुख्यतः रुग्णाच्या सुरक्षिततेकडे आहे. पण बधिर अंगठ्याचा धोका शेवटी रुग्णालाच असतो, एवढे समजायला कायदा वाचावा लागत नाही.

तरी पाहिले तर लहान हाताची हत्यारे अजून सर्रास मिळत नाहीत. कारण साधे आहे. एका मापाऐवजी तीन मापे म्हणजे साचे तिप्पट, मंजुऱ्या तिप्पट आणि रुग्णालयाच्या कपाटातल्या जागाही तिप्पट. खरेदी करणारा हिशेबनीस मोजे घालत नाही.

आमच्या रेगेन्सबर्गच्या जुन्या नगरभवनात १६६३ पासून १८०६ पर्यंत साम्राज्याची संसद सलग भरत होती. तिथे वाटाडे पाहुण्यांना लांब बाके दाखवतात आणि सांगतात की नको असलेली प्रकरणे या बाकावर पुढे पुढे सरकवत ठेवत, त्यावरून जर्मन भाषेत 'लांब बाकावर ढकलणे' हा वाक्प्रचार आला. खरे-खोटे भाषापंडित जाणोत. हाताच्या मापाचा प्रश्न मात्र त्या बाकावर बराच काळ पडून आहे. सुश्रुताने पकडीला गुणांच्या यादीत जागा दिली होती. आपण तिला निर्जंतुकीकरणाच्या आणि स्वस्ताईच्या मागे बसवले.

याच शहरात आता विद्यापीठाचे आणि तांत्रिक विद्यालयाचे जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे संयुक्त केंद्र आहे. आपल्या मंडळींची मुले-मुली अशा केंद्रांत शिकतात, काही टुटलिंगेनला नोकरीला लागतात. त्यांना माझी एक विनंती आहे. नवा नमुना टेबलावर आला की तो आधी विभागातल्या सर्वांत लहान हाताच्या सर्जनला द्या. तिने काही न बोलता परत केला तर तिला दुसऱ्यांदा विचारा. तक्रार न करण्याची सवय लागायला तिला फार वर्षे लागलेली असतात.

पत्नी आता निवृत्त झाली आहे. अंगठ्याची संवेदना बरीचशी परत आली, पूर्ण नाही. गरम पातेल्याचा अंदाज तिला अजून अंगठ्याने येत नाही, म्हणून सांडशी रोज लागते. तिचा खिळा मागच्या वर्षी ढिला झाला होता. तळघरात नेऊन मी तो ठोकून घट्ट करून दिला. मृदुकील! सुश्रुताच्या यादीतला हा एक दोष तरी आमच्या घरातून गेला.